वकीलसाहेबांचे कान

आमच्या ह्यांच्या हातात वस्तरा असताना त्यांना राग येईल असं काही बोलायचं नाही, हा आमच्या सलूनचा पहिला नियम. दुसरा नियम, टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकासमोर कंगव्याचा विषय काढायचा नाही. दुसरा नियम आमचा मुलगा रोज मोडायचा. पहिला मी मोडला, तोही ऐन गर्दीत, कारण पोटात बातमी ठेवून मला घास गिळवत नाही.

"बालवर्गाच्या बाई भेटल्या होत्या," गरम पाण्यातून टॉवेल पिळत मी म्हटलं. "म्हणाल्या, पोराचे कान तपासून घ्या. त्याला ऐकायला कमी येतंय असं त्यांना वाटतं."

वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी थांबला. खुर्चीतल्या माणसानं डोळे गच्च मिटून घेतले. बिचाऱ्याला वाटलं असेल, आता आपलं काही खरं नाही.

"माझा पोरगा बहिरा?" हे आरशातूनच माझ्यावर ओरडले. "ज्याला अख्खं दुकान वकील म्हणतं, तो? अगं, त्या बाईंनाच सांग, आधी स्वतःचे तपासून घ्या म्हणावं!"

वकील म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा, वय वर्षं चार. पुढे सलून आणि मागे घर, त्यामुळे बालवर्गातून आला की तो बेसिनशेजारच्या उंच स्टुलावर चढून बसायचा, आणि खुर्चीतला माणूस काहीही बोलो, ह्याचं उत्तर तयार. कुणी म्हटलं, आज फार उकडतंय, की हा सांगणार, मग कोट काढा. बोलणं बोबडं होतं. अर्धी अक्षरं खाऊन टाकायचा, 'स' तर त्याच्या तोंडात कधी आलाच नाही. पण लोकांना त्याचंच कौतुक. मोठा झाला की जीभ सुटेल, असं सगळे म्हणायचे. एकदा कुणीतरी गमतीनं वकीलसाहेब म्हटलं आणि तेच नाव पडलं.

एक बस-ड्रायव्हर काका होते, डोकं तुळतुळीत, पण दाढीला नेमानं यायचे. खुर्चीत बसले की पहिला प्रश्न ठरलेला. "काय वकीलसाहेब, आमची केस घेणार का?" आणि हा आरशात त्यांच्या डोक्याकडे बघून म्हणायचा, "घेईन. पण के आहेत कुते?" दुकान हसून हसून लोळायचं, आणि ड्रायव्हर काका सगळ्यात जास्त. आता अशा पोराला ऐकू येत नाही म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार?

खरं सांगू, मलाही ते पटत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. मी स्वयंपाकघरातून हाका मारून मारून घसा सुकवायची, तरी हा ढिम्म. शेवटी जाऊन समोर उभी राहिले की लगेच, "काय आई?" आम्ही म्हणायचो, हट्टी आहे, बापावर गेलाय. आणि बापावर जायला बाप काही कमी हट्टी नव्हता, त्यामुळे ते खपूनही जायचं.

बाईंनी मला वर्गाबाहेर बाकावर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. बाई पोरसवदाच, पण बोलायला चोख. म्हणाल्या, गोष्ट सुरू झाली की तो उठून कोपऱ्यात ठोकळे मांडत बसतो. सगळे रांगेत उभे राहिले की हा शेवटी, इकडेतिकडे बघत. दोन मुलांना चावलाय. "मोठ्या बाई म्हणतात, अजून कच्चा आहे, वर्षभर घरी ठेवा, पिकू द्या जरा. पण ताई, हा काही आंबा नाही अढीत घालायला. ह्या वयात जे कानावर पडतं त्याच्यावरच पुढचं सगळं उभं राहतं. अशा मुलांसाठी त्याच वर्गात येऊन शिकवणारी वेगळी शिक्षिका मिळते. तो त्याचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. पण आधी कान तपासायला हवेत, तुम्हा दोघांचा होकार हवा, आणि सुट्टी लागायच्या आत शाळेनं मागणी करायला हवी. नाहीतर वर्ष गेलंच म्हणून समजा."

हे सगळं मी रात्रीच्या जेवणात वाढायचा प्रयत्न केला. ह्यांनी ताटावरून मान वर केली नाही. "एकदा शिक्का बसला ना, की जन्मभर पुसला जात नाही," एवढंच म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत झाकून पोर शिकतं होय?" मी म्हटलं. त्यावर आमच्यात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. सुट्टी मात्र जवळ येत होती.

मग बाईच दुकानात आल्या. सुट्टीचा दिवस, बाकावर जागा नाही इतकी गर्दी. पुरुषांच्या सलूनमध्ये एकटी बाई आल्यावर सगळे पाय आखडून बसले. ह्यांना तर तेच हवं होतं. गर्दी म्हणजे साक्षीदार.

"या बाई, बसा," हे म्हणाले, जरा जास्तच गोड आवाजात. "तुमच्यासमोरच परीक्षा होऊन जाऊ दे. वकीलसाहेब, काल वर्गात काय खाल्लंत?"

"पोळी," हा म्हणाला, आरशात बघत.

"ह्या काकांच्या शर्टाचा रंग कोणता?" "हिव्वा." "उद्या सायकलवर चक्कर मारायची का?" "दोन!"

मग काय, बाकावरच्या लोकांनाही चेव आला. खुर्चीत बसलेला विचारतोय, मागे उभा असलेला विचारतोय, आणि हा प्रत्येकाला चोख उत्तर देतोय. बाईंचं तोंड एवढंसं झालं. एक चष्मेवाले काका म्हणाले, "बाई, ह्याला कमी नाही, जरा जास्तच ऐकू येतंय." लोक हसले. मलाही हसू आलं, आणि त्याच क्षणी बाईंची कीवही आली. त्या पर्स खांद्याला लावून उठायलाच निघाल्या होत्या. हे असे काही खुशीत होते, जणू दुकानात नवी खुर्चीच आली.

ड्रायव्हर काकांची दाढी झाली होती. ह्यांनी माझ्याकडून वाफेचा टॉवेल घेतला आणि त्यांच्या तोंडावर पसरला, फक्त नाक तेवढं उघडं. ड्रायव्हर काका टॉवेलखालून म्हणाले, "काय वकीलसाहेब, आमची केस घेणार का?"

सगळं दुकान उत्तराची वाट बघायला लागलं. पोरगा कंगव्याच्या दातांवरून बोट फिरवत बसला होता.

"वकीलसाहेब!" टॉवेलखालून पुन्हा आवाज आला. "केस घेणार का?"

काही नाही. कंगवा, बोट, कंगवा. बाकावर कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आरशात बघत होते. आरशात ड्रायव्हर काकांच्या जागी नुसता पांढरा टॉवेल होता. मग हे हळूच वळले, आरशाकडे पाठ केली, दाराकडे तोंड केलं आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "चल रे, सायकलवर चक्कर मारायची का?"

सायकल म्हटलं की हा पोरगा झोपेतून उठून चपला घालतो. तो बसून राहिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते हेच. सलूनमध्ये कोण कुणाकडे तोंड करून बोलतं? सगळे आरशाकडे बघून बोलतात. खुर्चीतला माणूस आरशात, पाठीमागे कात्री चालवणारे हे आरशात, बाकावरचे लोकही आरशातच. आणि पोरगं स्टुलावर बसून त्या आरशातली एकूण एक तोंडं वाचत होतं. त्याला थोडंफार ऐकू येत असेल, पण बाकीचं सगळं तो ओठांवरून उचलत होता. ह्या जगात आमचंच दुकान असं होतं जिथे त्याला अडत नव्हतं. आणि त्याच दुकानाच्या जिवावर आम्ही बाईंना खोटं पाडायला निघालो होतो.

बाई जिंकल्याच्या तोऱ्यात काही बोलतील असं मला वाटलं.  पण त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मी गोष्ट सांगताना पुस्तक तोंडासमोर धरते. मुलांना चित्रं दिसावीत म्हणून." आणि त्यांचे डोळे भरून आले.

टॉवेलखालून ड्रायव्हर काकांनी विचारलं, "अहो, झालं काय? कुणी बोलेल का?"

हे वळले, त्यांचा टॉवेल काढला, वस्तरा पुसून ठेवला आणि बाईंना म्हणाले, "कुठे दाखवायचं त्याला?" आवाज इतका खाली गेलेला मी ह्यांचा लग्नाच्या बोलणीतसुद्धा ऐकला नव्हता.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात मणी दिले. आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा. भिंतीतल्या स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, आम्हाला मागे बसून स्पष्ट ऐकू येत होता, आणि आमचा मुलगा हातात मणी धरून मोठ्या शहाण्यासारखा वाट बघत होता. मला वाटत होतं, उठावं आणि त्याच्या हातून तो मणी टाकून यावं. ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मला आधार द्यायला की स्वतःला, ते त्यांनाच ठाऊक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही कानांना यंत्रं लागतील. आणि नुसत्या यंत्रांनी भागणार नाही, निसटलेली भाषा भरून काढायला शिकवणारं माणूस लागेल, जितक्या लवकर तितकं बरं. घरी येताना हे एवढंच म्हणाले, "हाकेला ओ देत नाही म्हणून मी त्याचा कान पिळला होता गं."  मीही रडत होते.

आता तुम्हाला वाटेल, डॉक्टरीणबाईंचा कागद हातात आला, म्हणजे काम झालं. छे! मोठ्या बाईंनी आम्हाला आणि बाईंना समोर बसवलं, पाणी दिलं, आणि गोड आवाजात सांगितलं, "बरं झालं वेळेत कळलं. आता दोन रस्ते आहेत. शहराच्या त्या टोकाला अशा मुलांची वेगळी शाळा आहे. नाहीतर वर्षभर घरी ठेवा, यंत्राची सवय होऊ दे. आणि इथेच ठेवायचा असेल तरी आमची ना नाही. आम्ही घेऊ हो सांभाळून."

सांभाळून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांभाळायला मी आहे, हा बाप आहे," मी म्हटलं. "दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा सांभाळतात. सांभाळायला नाही पाठवत आम्ही, शिकायला पाठवतो. एवढे दिवस तुम्ही त्याला कोपऱ्यात ठोकळे देऊन सांभाळलंतच की! त्यात तो काय शिकला? चावायला."

ह्यांनी माझ्या पदराला हळूच ओढ दिली. पण मी एकदा सुरू झाले की थांबत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे. मी मोठ्या बाईंची अशी बिनपाण्यानं केली, की न्हाव्याची बायको शोभले.

मोठ्या बाई मात्र तशा वाईट नव्हत्या. सगळं ऐकून घेतलं, मग थकल्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा, खोलीत पोरं मावत नाहीत, शिक्षिका एक. मदत येईल म्हणतात, मागून ठेवायची, आणि ती आली नाही की सगळा भार पुन्हा हिच्या एकटीवर. असं झालंय आमच्याकडे आधी. उद्या बाकीचे पालक येऊन बसतील, एकासाठी आमच्या मुलांचा वेळ का घालवता म्हणून. त्यांना मी काय सांगू?"

तेव्हा बाई बोलल्या. मोठ्या बाईंसमोर त्या कधी आवाज चढवत नसत, तसा त्या दिवशीही चढवला नाही. "मागितलं नाही तर नक्कीच येणार नाही. तो ह्या वर्गाचा मुलगा आहे, इथेच मदत मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि मागणी करणं आपलं काम आहे. नाही म्हणायचं असेल तर तसं कारण आपल्याला द्यावं लागेल. माझ्याकडे तर कारण नाही. तुमच्याकडे आहे?"

तेवढ्यात ह्यांना कंठ फुटला.

"बाकीच्या पालकांची काळजी तुम्ही करू नका. वर्गातल्या निम्म्या बापांच्या माना आठवड्याला माझ्या हातात असतात. मी समजावीन त्यांना."

क्षणभर कुणाला कळेना हसावं की पोलिसांना बोलवावं. मग मोठ्या बाईच हसल्या, चांगल्या डोळे पुसेपर्यंत, आणि म्हणाल्या, "करते मागणी. पण उशीर झाला तर मला शिव्या घालायच्या नाहीत." मी म्हटलं, तसं वचन मला देता यायचं नाही.

उशीर झालाच. सुट्टी संपली, वर्ग भरले, तरी कुणाचा पत्ता नाही. बाईंनी स्वतःहून पुस्तक हनुवटीच्या खाली धरायला सुरुवात केली होती आणि त्याला अगदी समोर बसवलं होतं, तेवढाच काय तो फरक. मी रोज शाळेच्या दारात जाऊन मोठ्या बाईंकडे नुसतं बघायची. त्याही आत बसून फोनवर कुणाला तरी झापताना दिसायच्या. आणि मग एके दिवशी त्या मदतीच्या शिक्षिका आल्या. खांद्याला भली मोठी पिशवी, केस अगदी बारीक कापलेले. आमच्या ह्यांनी आधी तेच बघितलं, "मशीन नीट फिरवलेलं नाही मागून." मुलांनी त्यांचं नाव ठेवलं धाकट्या बाई.

यंत्रं कानात घालून पहिल्यांदा दुकानात बसवलं, आणि ह्यांनी नेहमीसारखा ड्रायर सुरू केला. पोरगं किंचाळत स्टुलावरून उतरलं आणि दोन्ही यंत्रं साबणाच्या पाण्यात! पुढचे कित्येक दिवस यंत्र दिसलं की तो टेबलाखाली शिरायचा. "राहू दे," हे म्हणाले, "नको असेल त्याला तर राहू दे." मी धाकट्या बाईंना सांगताना रडलेच. त्या म्हणाल्या, "ताई, आयुष्यभर अंधारात असलेल्या माणसाच्या डोळ्यावर एकदम बॅटरी मारली तर तो काय करेल?" मग त्यांनी आधी शांत खोलीत, थोडा थोडा वेळ, त्याच्या आवडीच्या आवाजांपासून सुरुवात केली. सायकलची घंटी. कात्रीची कटकट. आणि 'स'. हाताच्या पंजासमोर 'स' म्हणून वारा लागतो का बघायचा खेळ त्यांनी अख्ख्या वर्गाला लावला. घरोघरी पोरं पंजावर फुंकत फिरायला लागली. मागून कुणाला हाक मारायची नाही, समोर येऊन खांद्याला हात लावायचा आणि मग बोलायचं, हेही सगळ्या वर्गाला शिकवलं. आमच्या ह्यांच्या एका गिऱ्हाइकानं तक्रार केली, "अहो, माझी पोरगी घरात मला खांद्याला हात लावल्याशिवाय बोलतच नाही." ह्यांनी त्यांची मान जरा घट्ट धरून विचारलं, "मग त्यात वाईट काय?" ते म्हणाले, वाईट काहीच नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अजूनही तो दमायचा, चिडायचा, एकदा पुन्हा चावला. काही दिवस वाटायचं पुढे चाललोय, काही दिवस वाटायचं होतो तिथेच आहोत. धाकट्या बाईंना विचारलं तर म्हणायच्या, "घाई कुणाला आहे? त्याला तर नाही." मला होती. मी काय करू, माझा स्वभावच तसा.

आणि मग ती दुपार. मी टॉवेल वाळत घालत होते, हे कुणाची तरी दाढी करत होते, अर्धी झाली होती. पोरगा बालवर्गातून आला, पिशवी टाकली आणि दारातच उभा राहिला. चेहरा फुगलेला, खालचा ओठ पुढे.

मी जाऊन समोर बसले. "काय झालं रे?"

"बाई ओरडल्या," तो म्हणाला. "मला."

"तुला? कशाला?"

"गोष्ट होती. मी मधे बोललो."

"मधे काय बोललास?"

त्यानं नाक पुसलं आणि रागानं, एकेक शब्द मोजून सांगितलं. "कोल्हा म्हणाला, मी तुझा मित्र. मी म्हटलं, बाई, तो खोटं सांगतोय, तुम्ही कावळ्याला सांगा. बाई म्हणाल्या, गप्प बस, गोष्ट पुरी होऊ दे. सगळे हसले. मी बरोबर होतो की नाही?"

'सांगतोय.' 'बस.' 'सगळे हसले.' माझ्या कानांनी ऐकलं. पण माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते त्या 'स'मुळे नाही. वर्षभरात पहिल्यांदा माझा मुलगा गोष्ट ऐकत बसला होता. इतकी ऐकत होता की त्याला गप्प राहवलं नाही, आणि बाईंना त्याला गप्प करावं लागलं, वर्गातल्या कुठल्याही वाह्यात पोराला करतात तसं. मी त्याला जवळ घेतलं आणि मला रडूच फुटलं. तो आणखीच घाबरला. म्हणाला, "आई, तू नको रडू."

मागे ह्यांच्या हातातला ब्रश केव्हाच थांबला होता. ते दुकानाच्या दारात गेले, फेसाचे हात तसेच, आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अहो, ऐकलंत का! माझ्या पोराला आज बाई ओरडल्या!"

समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. खुर्चीतल्या माणसानं अर्ध्या फेसाचा गाल वळवून विचारलं, "म्हणजे हे चांगलं झालं की वाईट?"

"वर्गात बडबड केली म्हणून ओरडल्या!" हे म्हणाले. पुढचं त्यांना बोलता येईना, म्हणून त्यांनी त्या माणसाचा उरलेला अर्धा गाल फुकट करून दिला.